लाल मातीवर रात्रीची वेळ फक्त पुरुषांचीच का?

लाल माती म्हटलं की आपल्याकडे आधी तालीम आठवते. तेल, ताक घालून मळलेली माती, लंगोट लावलेले पैलवान. आज लिहायचंय ते दुसऱ्या एका लाल मातीबद्दल. पॅरिसच्या. फ्रेंच ओपनच्या.

निमित्त झालं आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं. २ नोव्हेंबरच्या रात्री आपल्या मुलींनी नवी मुंबईत वर्ल्ड कप जिंकला, ग्रुपवर दोन दिवस नुसते फटाके फुटत होते. तिसऱ्या दिवशी एका मित्राने लिहिलं, "क्रिकेटचं ठीक आहे रे, पण टेनिसचं बघ. बायका तीन सेट खेळणार, पुरुष पाच सेट, आणि पैसे दोघांना सारखे. हा कुठला न्याय?" त्यावर पाच-सहा अंगठे पडले. दोन बहिणींनी उत्तर दिलं, मग नेहमीसारखी गाडी घसरली आणि ॲडमिनने सुविचार टाकून विषय बंद केला.

मी उत्तर टाइप करायला घेतलं होतं. ते एवढं लांबलं की म्हटलं इथेच टाकू. टेनिस बघत नसाल तरी वाचा, कारण हा विषय टेनिसपुरता नाही.

आधी जे खरं आहे ते. फ्रेंच ओपनमध्ये बक्षिसाची रक्कम सारखी आहे. विजेत्यांची २००६ पासून आणि सगळ्या फेऱ्यांची २००७ पासून. २०२५ मध्ये एकेरी जिंकणाऱ्या कार्लोस अल्काराझला साडेपंचवीस लाख युरो मिळाले आणि कोको गॉफलाही तेवढेच. अमेरिकन ओपनने तर हे १९७३ मध्येच केलं, बिली जीन किंगने भांडून करायला लावलं. म्हणजे मित्राची माहिती बरोबर आहे. पण तो ज्याला अन्याय म्हणतोय तो तिथे नाहीच. खरा अन्याय दुसरीकडे आहे आणि तो पैशात दिसत नाही. तो घड्याळात दिसतो.

फ्रेंच ओपनचं मुख्य कोर्ट म्हणजे फिलिप शात्रिये. २०२० मध्ये त्यावर सरकतं छप्पर आणि दिवे आले आणि २०२१ पासून तिथे 'नाईट सेशन' सुरू झालं. दिवसाचा खेळ संपला की कोर्ट रिकामं करायचं, वेगळं तिकीट, वेगळे प्रेक्षक, आणि रात्री सव्वाआठला एकच मॅच. आपल्याकडे तेव्हा पावणेबारा झालेले असतात. ही दिवसाची सगळ्यात मानाची वेळ. पॅरिसची माणसं ऑफिसातून सुटलेली, घरोघरी टीव्ही लागलेला. फ्रान्समध्ये या रात्रीच्या मॅचचे हक्क ॲमेझॉनने घेतले.

आता हिशोब बघा. २०२१ ते २०२५ या पाच वर्षांत अशा पन्नासच्या वर रात्री झाल्या. त्यातल्या बायकांच्या मॅचेस किती? चार.

२०२१ मध्ये सेरेना विल्यम्स आणि इरिना बेगू, आणि इगा श्वियाँतेक आणि मार्ता कोस्त्युक. २०२२ मध्ये अलिझे कॉर्ने आणि येलेना ओस्तापेंको. २०२३ मध्ये आर्यना सबालेंका आणि स्लोन स्टीफन्स. संपली यादी. २०२४ मध्ये शून्य. २०२५ मध्ये शून्य. दोन्ही वर्षं अकरा रात्री, अकराच्या अकरा पुरुषांच्या.

आणि गंमत अशी की या स्टेडियममध्ये तीन मोठी कोर्टं आहेत. एकाला फिलिप शात्रिये या टेनिस प्रशासकाचं नाव. दुसऱ्याला सुझान लेंग्लेनचं, जिचा खेळ बघायला शंभर वर्षांपूर्वी लोक रांगा लावायचे. तिसऱ्याला सिमोन मात्यूचं, जी १९३८ आणि १९३९ मध्ये इथे जिंकली आणि पुढे महायुद्धात नाझींविरुद्ध लढणाऱ्या स्वतंत्र फ्रान्सच्या सैन्यात गेली. तीनपैकी दोन कोर्टांना बायकांची नावं. पाटीवर नाव द्यायला हात आखडत नाही, वेळ द्यायला आखडतो. हे आपल्याला नवीन नाही. चौकाला सावित्रीबाईंचं नाव आणि सभेत स्टेजवर एक बाई नाही, हे आपण रोज बघतो.

बरं, आता आयोजकांची बाजू. ती नीट ऐकायला हवी, कारण ती अगदीच फालतू नाही.

स्पर्धेची संचालक एक बाईच आहे. आमेली मोरेस्मो. जगातली माजी नंबर एक, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन आणि विम्बल्डन दोन्ही जिंकलेली. ती म्हणते, रात्रीच्या तिकिटात एकच मॅच असते. पुरुषांची मॅच किमान तीन सेट चालतेच. बायकांची दोन सेटमध्ये तासाभरात संपू शकते. मग पैसे मोजून आलेल्या माणसाला आपण काय दिलं? बायका रात्री खेळायच्या लायकीच्या नाहीत असा याचा अर्थ नाही, असंही ती स्पष्ट सांगते. २०२२ मध्ये मात्र ती बोलून गेली होती की सध्या पुरुषांच्या टेनिसला जास्त आकर्षण आहे. त्यावर गदारोळ झाला, मग तिने माफी मागितली.

तिकिटाचा मुद्दा समजण्यासारखा आहे. आपणही नाटकाला गेलो आणि पडदा पाऊण तासात पडला तर कुरकुरू. पण जरा पुढे जाऊन बघू.

पहिली गोष्ट. तीन सेट म्हणजे लांब मॅच, हे खरं आहे का? २०२५ मध्ये यानिक सिनरने यिरी लेहेच्काला ६-०, ६-१, ६-२ असं उडवलं. दीड तासाच्या आसपास काम झालं. त्याच्या आदल्या वर्षी श्वियाँतेक आणि नाओमी ओसाका यांची दुसऱ्या फेरीची मॅच जवळजवळ तीन तास चालली. श्वियाँतेकने मॅच पॉइंट वाचवला आणि ७-६, १-६, ७-५ अशी जिंकली. त्या वर्षीची ती सगळ्यात चांगली मॅच होती असं म्हणणारे कित्येक भेटतील. ती झाली दिवसा. आणि माती हा मुळात संथ पृष्ठभाग. चुनखडीच्या थरावर विटेच्या भुकटीचा एक-दोन मिलीमीटरचा पातळ थर. त्यावर चेंडू वर उसळतो, वेग मरतो, पॉइंट लांबतात. बायकांची टेनिस कुठे लांबायची असेल तर ती इथेच लांबते.

दुसरी गोष्ट. एका मॅचमध्ये तिकिटाची किंमत वसूल होत नसेल तर दोन मॅचेस ठेवा. ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन ओपनच्या रात्री साधारण दोन मॅचेस असतात, एक बायकांची आणि एक पुरुषांची. यावर उत्तर येतं की मग फार उशीर होईल आणि लवकर सुरू केलं तर ऑफिस सुटायच्या आत स्टँड रिकामे राहतील. उशिराची काळजी खरीच आहे. पण ती एका मॅचने तरी कुठे सुटली? २०२४ मध्ये पावसामुळे उशिरा सुरू झालेली जोकोविच आणि मुसेत्तीची मॅच पहाटे तीन वाजून गेल्यावर संपली. म्हणजे उशीर झाला तर पुरुषांसाठी चालतो, बायकांसाठी ती अडचण होते.

तिसरी गोष्ट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लांबी हेच खरं कारण असेल तर जिथे लांबी सारखी आहे तिथे सगळं समान असायला हवं. हो ना? मग रोमला चला.

रोमची इटालियन ओपन पण लाल मातीवरच होते. फ्रेंच ओपनच्या आधी, मे महिन्यात, त्याच मैदानावर पुरुष आणि बायका दोघं. आणि तिथे पुरुषसुद्धा तीन सेटचीच मॅच खेळतात. पाच सेट फक्त ग्रँड स्लॅमला असतात, बाकी वर्षभर पुरुष तीन सेटच खेळतात, हे आमच्या मित्राला बहुतेक माहीत नसावं. तर रोममध्ये काम सारखं, घाम सारखा, माती सारखी. २०२३ मध्ये तिथे बायकांची एकूण बक्षीस रक्कम पुरुषांच्या निम्म्याहूनही कमी होती. २०२५ पर्यंत समान करू असं आयोजकांनी सांगितलं होतं. २०२५ आलं. त्या वर्षी जास्मिन पाओलिनी ही इटलीची मुलगी रोममध्ये एकेरी जिंकली. चाळीस वर्षांनी इटालियन बाईने घरची स्पर्धा जिंकली, बघायला देशाचे राष्ट्राध्यक्ष आले होते. दुसऱ्या दिवशी सारा एर्रानीला सोबत घेऊन ती दुहेरीही जिंकली. पुरुषांमध्ये घरचा हिरो सिनर फायनल हरला. तरीही एकेरीच्या विजेत्यांचे चेक बघितले तर पाओलिनीचा चेक अल्काराझपेक्षा लहानच होता.

म्हणजे पॅरिसला पैसे समान पण रात्र नाही, कारण म्हणे मॅच लहान. रोमला मॅच सारखीच पण पैसे समान नाहीत, कारण म्हणे पुरुषांचा आणि बायकांचा दौरा वेगळा, टीव्हीचे करार वेगळे. आणि माद्रिदला पैसे समान, तर २०२३ मध्ये बायकांच्या दुहेरीच्या फायनलनंतर चौघींपैकी एकीलाही माइक दिला नाही. बक्षीस घ्या आणि चला. नंतर आयोजकांनी माफी मागितली. त्याच आठवड्यात अल्काराझ आणि सबालेंका यांचा वाढदिवस एकाच दिवशी आला, तर त्याला भलामोठा केक आणि तिला छोटासा. केकवरून काय भांडायचं असं वाटेल. ज्या घरात मुलाच्या ताटात तुपाची धार आणि मुलीच्या ताटात कोरडी पोळी असते, त्या घरात वाढलेल्या बाईला विचारा.

प्रत्येक ठिकाणी कारण वेगळं आणि निकाल एकच. असं झालं की कारणांवरचा माझा विश्वास उडतो.

आता शेवटचा आणि सगळ्यात दणकट मुद्दा. "लोकच बघत नाहीत हो. बाजार आहे. जे खपतं ते ठेवणार."

इथे मी २०२५ चंच उदाहरण देतो. लोइस बुआसाँ. फ्रान्सची मुलगी, जागतिक क्रमवारी ३६१, वाइल्ड कार्डवर आलेली. तिने आधी तिसऱ्या मानांकित जेसिका पेगुलाला हरवलं, मग सहाव्या मानांकित मिरा आंद्रेएवाला हरवून थेट सेमीफायनल गाठली. पॅरिस वेडं झालं होतं. फ्रेंच टेनिसला किती वर्षांनी असं काही बघायला मिळालं. या दोन्ही मॅचेस दिवसा झाल्या, जेव्हा तिच्या देशातले लोक ऑफिसात, शाळेत होते. आंद्रेएवाला हरवलं त्या दिवशी रात्री जोकोविच आणि झ्वेरेव यांची मॅच होती. प्रामाणिकपणे सांगतो, त्या एका रात्री मी आयोजक असतो तर मलाही जोकोविचला हलवणं जड गेलं असतं. प्रश्न त्या रात्रीचा नाही. अकराच्या अकरा रात्री असंच जड जातं का, हा आहे. लागोपाठ दोन वर्षं?

बाजार आभाळातून पडत नाही. तो घडवला जातो. दुकानदाराने एक माल दर्शनी ठेवला आणि दुसरा माळ्यावर टाकला, वर म्हणाला "माळ्यावरचा खपत नाही हो", तर आपण त्याला काय म्हणू? २०२३ च्या अमेरिकन ओपनला बायकांची फायनल पुरुषांच्या फायनलपेक्षा जास्त अमेरिकन लोकांनी ईएसपीएनवर बघितली. हो, त्यात गॉफ ही अमेरिकन होती, हे मान्य. पण मुद्दा तोच आहे. आपली मुलगी, चांगली वेळ, मोठा मंच असं जुळून आलं की लोक बघतात. बुआसाँच्या बाबतीत पहिली गोष्ट होती. उरलेल्या दोनमधली वेळ आयोजकांच्या हातात होती.

खेळाडू बोलतायत. ट्युनिशियाची ओन्स जाबूर २०२५ मध्ये स्पष्ट बोलली. हे निर्णय घेणाऱ्यांना मुली नसाव्यात, असा तिच्या बोलण्याचा रोख होता. पेगुला, सबालेंकाही बोलल्या. हेही सांगायला हवं की सगळ्याच बायकांना रात्री खेळायची हौस नाही. श्वियाँतेक म्हणते, मला दिवसाच बरं वाटतं. असू दे की. पण नको म्हणायला आधी कोणी विचारावं लागतं.

आता आपल्याकडे येतो.

भारताचं या लाल मातीशी एक वेगळं नातं आहे, ते फार कमी जणांच्या लक्षात असतं. भारतीयाला पहिलं ग्रँड स्लॅम विजेतेपद मिळालं ते इथेच, १९९७ मध्ये. महेश भूपतीने जपानच्या रिका हिराकीसोबत मिश्र दुहेरी जिंकली. मग २०१२ मध्ये सानिया मिर्झा आणि भूपती. २०१६ मध्ये लिअँडर पेस आणि मार्टिना हिंगिस. २०१७ मध्ये रोहन बोपण्णा आणि गॅब्रिएला डाब्रोव्स्की. पुरुष दुहेरीतही पेस, भूपती जिंकले, पण मिश्र दुहेरीत पॅरिसने आपल्याला चार वेळा हात दिला. नेटच्या एकाच बाजूला बाई आणि पुरुष उभे राहिले, बरोबरीने सर्व्हिस केली, बरोबरीने कप उचलला. "बायकांची टेनिस हलकी" असं म्हणणाऱ्याने हे चार कप आठवावेत. त्यातला अर्धा वाटा बायकांचा आहे.

आणि २ नोव्हेंबरची ती रात्र. डी. वाय. पाटील स्टेडियम. पावसाने दोन तास खाल्ले, मॅच मध्यरात्रीच्या सुमारास संपली. कोणी घरी गेलं का? आमच्या सोसायटीत तर त्या रात्री लहान मुलीसुद्धा जाग्या होत्या. शेफालीच्या ८७ धावा, दीप्तीच्या पाच विकेट, आपल्या सांगलीची स्मृती, मुंबईची जेमिमा. रात्रीची मॅच, दिवे लागलेले, भरलेलं स्टेडियम. ज्या दिवशी आपण मुलींना ती वेळ आणि तो मंच दिला, त्या दिवशी 'लोक बघत नाहीत' हे वाक्य कायमचं गेलं.

लगेच पाठ थोपटून घ्यायचीही गरज नाही. बीसीसीआयने २०२२ मध्ये मॅच फी समान केली. कसोटीला १५ लाख, वनडेला ६ लाख, टी-२० ला ३ लाख. उत्तम केलं. पण २०२४-२५ च्या वार्षिक करारात पुरुषांच्या सगळ्यात वरच्या गटाला ७ कोटी आणि बायकांच्या वरच्या गटाला ५० लाख होते, हेही त्याच बोर्डाचं. समानता हप्त्याहप्त्याने येते आणि प्रत्येक हप्ता मागून घ्यावा लागतो.

शेवटचं, अगदी घरचं. माझी भाची टेनिस खेळते. जिल्ह्याबाहेरच्या एका स्पर्धेत, मातीच्याच कोर्टवर, ती फायनलला पोचली. फायनल ठेवली दुपारी एक वाजता. एप्रिल महिना. सावलीला चार पालक आणि एक पाणीवाला. मुलांची फायनल संध्याकाळी साडेपाचला, कारण तेव्हा प्रमुख पाहुणे येणार होते. ती सव्वादोन तास खेळून हरली. बक्षीस समारंभासाठी तिला साडेसातपर्यंत थांबवलं आणि मुलांचं सगळं झाल्यावर तिला घाईघाईत ट्रॉफी दिली. कोणी वाईट वागलं का? नाही. सगळे गोड बोलले. चहासुद्धा दिला. येताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "मामा, आमची मॅच कोणी पाहिलीच नाही ना?"

मला उत्तर सुचलं नाही. पॅरिसच्या संचालकांनाही सुचत नसावं.

पॅरिस आपल्या हातात नाही. पण आपल्या तालुक्यातल्या, वॉर्डातल्या, मंडळाच्या स्पर्धा आहेत. थंडीत आता प्रकाशझोतातले कबड्डीचे सामने सुरू होतील. व्हॉलीबॉल, क्रिकेट, बॅडमिंटन, सगळं. जे आयोजक माझ्या यादीत आहेत, आणि बरेच आहेत, त्यांना माझ्या तीन विनंत्या. एक, मुलींची फायनलही दिवे लागल्यावर ठेवा, एक वर्ष मुलांची आधी आणि मुलींची शेवटी ठेवून तर बघा. दोन, बक्षिसाची रक्कम पत्रिकेवर दोघांची छापा. सारखी असेल तर अभिमानाने छापा, नसेल तर छापताना तुम्हालाच लाज वाटेल. तीन, माइक मुलींच्या हातातही द्या. दोनच वाक्यं बोलतील, पण बोलू द्या.

आणि ग्रुपवरच्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पैसे सेट मोजून मिळत नाहीत. तसं असतं तर ९४ मिनिटांत जिंकणाऱ्याचा पगार कापावा लागेल आणि गाणं तीन मिनिटांचं म्हणून लताबाईंना कमी पैसे द्यावे लागले असते. लोक खेळ बघायला पैसे देतात. तो बघायची संधी दोघांना सारखी मिळाली की मग बोलू बाजाराबद्दल.

तुमच्या गावातल्या, शाळेतल्या स्पर्धेत मुलींची फायनल किती वाजता असते? कमेंटमध्ये नक्की सांगा. कुठे चांगलं चाललं असेल तर ते आधी सांगा, म्हणजे बाकीच्यांना दाखवता येईल.